कथेचे विश्व आणि धर्माचा नियम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्य वक्ते अधिकारवाणीने घेतील. माझ्याकडे आलेला विषय थोडा निराळा आहे : काल्पनिक कथाविश्वाच्या उभारणीत आणि पात्रांच्या जडणघडणीत धर्माचे स्थान कोणते? हा विषय एखाद्या साहित्य संमेलनात शोभावा, असे काहींना वाटेल. परंतु आपल्या परंपरेने शास्त्राचे चार अनुयोग मानले आणि त्यांतील एक संपूर्ण अनुयोग कथेला दिला. दिगंबर परंपरा त्याला प्रथमानुयोग म्हणते, श्वेतांबर परंपरा धर्मकथानुयोग म्हणते. ज्या समाजाने दीड हजारांहून अधिक वर्षे कथा रचल्या, ताडपत्रांवर उतरवल्या आणि ग्रंथभांडारांत जिवापाड जपल्या, त्या समाजाच्या व्यासपीठावर हा विषय नको, तर कोठे हवा?

प्रथम विषयाची फोड करू. कथेत धर्म दोन प्रकारांनी येतो. एक, सजावट म्हणून. मंदिर आहे, घंटा आहे, पुजारी आहे, सणाचा प्रसंग आहे. ही सजावट काढून टाकली, तरी कथेचे काही बिघडत नाही. दुसरा प्रकार नियमाचा. घराचा पाया जसा डोळ्यांना दिसत नाही, पण भिंती कोठे उभ्या राहणार हे तोच ठरवतो, तसा धर्म कथेच्या विश्वाचा नियम होऊन बसतो. या विश्वात कृत्याचे फळ मिळते की नाही? मृत्यूनंतर पात्र संपते की पुढे चालते? दुष्ट मनुष्याला परतीची वाट आहे काय? या प्रश्नांची उत्तरे लेखकाने पहिल्या पानापूर्वीच मनाशी ठरवलेली असतात. पात्रे पुढे जशी वागतात, ती त्या उत्तरांच्या चौकटीत वागतात.

आपल्या घरांतील तरुण मुले-मुली आज मोठमोठ्या कल्पित विश्वांच्या कादंबऱ्या आवडीने वाचतात. त्यांतील एक सर्वपरिचित उदाहरण म्हणजे इंग्रज लेखक टोलकीन यांची १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’. टोलकीन हे निष्ठावंत कॅथलिक होते. तरीही त्यांच्या त्या विश्वात देवळे नाहीत, पूजाविधी जवळजवळ नाहीत. आपली कृती मुळात धार्मिक आहे आणि म्हणूनच विधी-उपासना तिच्यातून जाणीवपूर्वक वगळल्या, अशा आशयाचे स्पष्टीकरण त्यांनी एका पत्रात दिले होते. मग धर्म कोठे गेला? तो कथानकाच्या सांध्यात गेला. गॉलम या लोभाने कुजलेल्या जीवाला मारण्याची संधी असताना नायक त्याच्यावर दया करतो. शेवटी नायकाचे स्वतःचेच मन लोभाने ढळते, तेव्हा ज्याला जीवदान दिले त्याच गॉलमच्या हातून त्या घातक अंगठीचा नाश घडतो. दया वाया जात नाही, हा त्या विश्वाचा नियम आहे. आपल्या आचार्यांनी हेच काम शेकडो वर्षांपूर्वी, अधिक विस्तृत पटावर आणि अधिक काटेकोर नियमांनी केले. त्यांपैकी तीनच ग्रंथ आज आपण पाहू.

पहिला ग्रंथ विमलसूरींचा ‘पउमचरिय’. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. त्याचा आरंभच पाहण्यासारखा आहे. मगधाचा राजा श्रेणिक याला लोकांत प्रचलित असलेल्या रामकथेविषयी शंका येतात. रावणासारखे विद्यासंपन्न पुरुष मांसभक्षक राक्षस कसे असतील? वानरांनी एवढ्या बलाढ्य योद्ध्यांचा पराभव कसा केला असेल? तो गौतम गणधरांना विचारतो आणि त्यांच्या उत्तरातून संपूर्ण कथा उलगडते. एका श्रोत्याच्या प्रामाणिक शंकेतून एवढे महाकाव्य जन्माला आले, ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता नियम बदलल्याबरोबर विश्व कसे बदलते ते पाहा. राक्षस आणि वानर हे येथे विद्याधरांचे वंश आहेत. वानर हे त्यांच्या ध्वजावरचे चिन्ह आहे. रावणाची दहा मुखे म्हणजे गळ्यातील रत्नहारात पडलेली त्याच्या मुखाची प्रतिबिंबे. त्रेसष्ट शलाकापुरुषांच्या योजनेत राम हे बलदेव, लक्ष्मण वासुदेव आणि रावण प्रतिवासुदेव आहेत. राम त्याच भवात मोक्षाला जाणारे असल्यामुळे त्यांच्या हातून रावणाचा वध होऊच शकत नाही. तो लक्ष्मणाच्या हातून होतो आणि तोही रावणानेच सोडलेल्या चक्राने. ते चक्र लक्ष्मणाला इजा न करता त्याच्याच हाती येऊन थांबते. जो शस्त्र सोडतो, त्याच्याकडे ते परत येते. उपदेशाचे एक वाक्यही न उच्चारता कवीने कर्मसिद्धांत डोळ्यांसमोर उभा केला आहे.

आणि पात्रे? या कथेतील रावण जिनभक्त आहे. जी स्त्री आपल्याला इच्छित नाही तिच्यावर बळजबरी करणार नाही, असे व्रत त्याने मुनींसमोर घेतलेले आहे. सीतेचे हरण करूनही तो हे व्रत मोडत नाही. तिचे अढळ शील पाहून त्याला पश्चात्तापही होतो. तिला सन्मानाने परत करावे, असे त्याच्या मनात येते. पण लगेच दुसरा विचार येतो : आत्ता परत केले, तर जग मला भित्रा म्हणेल. आधी राम-लक्ष्मणांना युद्धात जिंकीन, मग सीता परत देईन. बंधुभगिनींनो, रावणाचा विनाश या ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्यामध्ये झाला. वासना तर ओसरलीच होती. उरला होता तो मान. चूक कळलेली आहे, ती सुधारण्याचीही इच्छा आहे, पण माझी मान खाली न जाता ती सुधारली जावी, असे वाटणारा मनुष्य आपण सर्वांनी पाहिलेला आहे. वडिलोपार्जित दुकानाच्या वाटणीत पाहिला आहे, सोयरिकीच्या रुसव्यात पाहिला आहे, संस्थेच्या बैठकीतही पाहिला आहे. चार कषायांचे सूक्ष्म शास्त्र ज्या परंपरेजवळ होते, तिलाच असा रावण लिहिणे शक्य झाले.

शिवाय त्याची कथा मृत्यूने संपत नाही. स्वर्गात इंद्रपदाला पोहोचलेला सीतेचा जीव पुढे नरकात जातो आणि लक्ष्मणाच्या व रावणाच्या जीवांना बोध करतो. ज्याने अपहरण केले, त्याच्या दुःखाची चौकशी अपहृतेने करावी, ही कल्पना अनादि-अनंत जीवाच्या श्रद्धेवाचून सुचणे कठीण. ज्या विश्वात प्रत्येक भव्य जीवाला मोक्षाची योग्यता आहे, त्या विश्वात कायमचा खलनायक असूच शकत नाही. ही कथा पुढे संस्कृतात रविषेणांनी सांगितली आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास गुणकीर्तींनी ती मराठीत आणली. म्हणजे हा वारसा आपल्या स्वभाषेतही आहे.

दुसरा ग्रंथ आठव्या शतकातील हरिभद्रसूरींची ‘समराइच्चकहा’. राजपुत्र गुणसेन आणि पुरोहिताचा कुरूप मुलगा अग्निशर्मा. गुणसेन त्याची क्रूर थट्टा करतो, त्याला नाचवतो, गाढवावर बसवून मिरवतो. अपमानाला कंटाळून अग्निशर्मा तापसांच्या आश्रमात जातो आणि घोर व्रत घेतो. एक महिना उपवास करायचा, पारण्याला पहिल्या घरी जायचे आणि तेथे आहार मिळाला नाही, तर दुसरे घर न पाहता पुन्हा महिनाभराचा उपवास. काळ लोटतो. गुणसेन राजा होतो, योगायोगाने त्याच आश्रमात येतो, अग्निशर्म्याला ओळखतो आणि खऱ्या पश्चात्तापाने पारण्याचे निमंत्रण देतो. पारण्याच्या दिवशी राजाचे मस्तक असह्य दुखत असते आणि राजवाड्यात गोंधळ माजलेला असतो. तपस्वी उपाशी परततो. दुसऱ्या वेळी शत्रू चालून येतो. तिसऱ्या वेळी राजपुत्राच्या जन्माचा उत्सव चाललेला असतो. तिन्ही वेळा राजाच्या मनात कपट नाही आणि तिन्ही वेळा तपस्वी रिकाम्या हाती परत जातो. तेव्हा अग्निशर्म्याचा क्रोध भडकतो आणि तो निदान बांधतो : माझ्या तपाचे काही फळ असेल, तर मी जन्मोजन्मी याचा घात करावा.

निदान हा आपल्या शास्त्रातील पारिभाषिक शब्द. तपाच्या मोबदल्यात केलेली फळाची मागणी, असा त्याचा अर्थ. हरिभद्रांनी हा एक शब्द घेतला आणि त्यावर नऊ भवांची कादंबरी उभी केली. पुढील भवांत हे दोन जीव पिता-पुत्र होतात, माता-पुत्र होतात, पती-पत्नी होतात, सख्खे भाऊ होतात. प्रत्येक वेळी एक विश्वास टाकतो आणि दुसरा घात करतो. नात्यांचा हा क्रम पाहिला, म्हणजे मन चरकते. शत्रू वेशीबाहेर नाही, तो घरातच जन्माला येतो. एकाच मातेच्या पोटी जन्मलेल्यांत विनाकारण वैर का असते, या जुन्या प्रश्नाला कथाकाराने दिलेले हे उत्तर आहे.

परंतु मला यापेक्षाही मोठी वाटते ती लेखकाची निर्भयता. येथे अधोगतीला जातो तो चोर नव्हे, मद्यपी नव्हे. जातो तो मासोपवासी तपस्वी. आणि वर चढत जातो तो, ज्याने तरुणपणी अपराध केला पण ज्याचे मन नंतर मऊ राहिले. नवव्या भवात गुणसेनाचा जीव समरादित्य होऊन केवलज्ञान मिळवतो. अग्निशर्म्याचा जीव अजून संसारातच आहे. तपाची संख्या मोठी आणि क्रोध त्याहून मोठा, तर हिशेब काय होतो, हे हरिभद्रांनी लपवून ठेवले नाही. आपण तपस्व्यांच्या शोभायात्रा काढतो, उपवासांची संख्या फलकावर लिहितो. ते योग्यच आहे. पण त्या फलकावर अग्निशर्म्याचे नाव फार वरच्या क्रमांकावर लागले असते, याचे भानही आपणांस असावे. धर्मावर श्रद्धा असलेल्या लेखकानेच धार्मिक माणसाचे एवढे परखड चित्र काढले, म्हणून त्या चित्राला वजन आहे.

तिसरा ग्रंथ उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’. शके ७०० संपायला एक दिवस उरला असताना, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, राजस्थानातील जालोर येथे ती पूर्ण झाली. उद्द्योतनसूरी हरिभद्रांचे विद्यार्थी. तर्कशास्त्र आपण त्यांच्याकडे शिकलो, असे ते कृतज्ञतेने नोंदवतात. गुरूची कादंबरी त्यांच्यासमोर होती. शिष्याने त्या कादंबरीला दिलेले उत्तर म्हणून ‘कुवलयमाला’ वाचावी, असे मी आपणांस सुचवतो.

या कथेत चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव आणि मोहदत्त हे पाच जण येतात. नावांवरूनच क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह ही त्यांची ओळख पटते. पण येथे एक फार सुंदर बारकावा आहे. ही त्यांची मूळ नावे नाहीत. चंडसोमाचे खरे नाव भद्रशर्मा, लोभदेवाचे धनदेव. लोकांनी त्यांच्या वागण्यावरून ही टोपणनावे पाडली. कषाय ही जीवाला चिकटलेली उपाधी आहे, ते त्याचे स्वरूप नव्हे, हा सिद्धांत उद्द्योतनांनी केवळ नामकरणातून सांगितला.

त्यांच्या कथा घडतात त्या कोठे? मायादित्य आपल्या मित्राबरोबर धन मिळवायला येतो तो प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला. तक्षशिलेकडील लोभदेव येतो तो सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला. तेथे देशोदेशींचे व्यापारी एकत्र जमून अनुभव सांगतात. कोणी घोडे नेऊन हत्ती आणले, कोणी पळसाची फुले नेऊन सुवर्णद्वीपाहून सोने आणले, कोणी गायी-म्हशी नेऊन चीनचे रेशीम आणले, आणि एक जण सांगतो की, आपण कडुनिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेलो आणि रत्ने घेऊन परतलो. हे ऐकून लोभदेवाचे डोळे चमकतात. भद्रश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याची जहाजे सात वेळा बुडालेली असतात. त्यालाच गळ घालून लोभदेव सोबत नेतो. अपार लाभ होतो आणि परतीच्या वाटेवर, वाटणी द्यावी लागू नये म्हणून, तो त्याला समुद्रात ढकलतो. ही कथा लिहिणारा वीतराग मार्गावरचा आचार्य आहे, पण बाजाराचे त्याचे ज्ञान एखाद्या मुरलेल्या पेढीवाल्यासारखे आहे. धर्म सांगायचा म्हणून त्याने जग पुसट केले नाही. उलट ज्या समाजाला तो सांगायचा, त्याच्या पेढ्या, त्याची भाषा, त्याचे मोह त्याने जसेच्या तसे कथेत आणले. निरनिराळ्या प्रांतांतील व्यापाऱ्यांच्या बोलीही त्याने नोंदवल्या आहेत आणि त्यांत मराठ्यांचा उल्लेख आहे.

पुढे हे पाचही अपराधी कौशांबीजवळ धर्मनंदन आचार्यांसमोर येतात. ज्याने अंधारात आपला भाऊ आणि बहीण मारली तो चंडसोम, ज्याच्या ताठ्यापायी पत्नी आणि आईवडील विहिरीत बुडाले तो मानभट, असे सर्व. ते दीक्षा घेतात आणि एकमेकांना वचन देतात : पुढील भवांत आपल्यापैकी ज्याला आधी जाग येईल, त्याने इतरांना जागे करावे. मग जन्म बदलतात, देह बदलतात. त्यांतील एक जीव सिंहाच्या देहात भेटतो. पण वचन पाळले जाते. गुरूच्या कथेत एका जीवाचे निदान नऊ भव वैर चालवते. शिष्याच्या कथेत पाच जीवांचे वचन भवांतरीही मैत्री चालवते. विश्वाचा नियम दोन्हीकडे एकच आहे : भाव नष्ट होत नाही, तो पुढे जातो. काय पुढे पाठवायचे, एवढेच आपल्या हाती असते. कर्माने परिस्थिती मिळते, पण त्या परिस्थितीतील भाव पात्राचा स्वतःचा असतो. नियती आणि स्वातंत्र्य यांच्यामधल्या या अरुंद जागेतच जिवंत पात्र जन्माला येते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. धर्मामुळे कथा बिघडूही शकते. आपल्याच परंपरेत अशा कथा आहेत की, ज्यांत पात्रे पहिल्या ओळीपासून केवळ दृष्टांत असतात. मध्येच अवधिज्ञानी मुनी येतात, पूर्वभव सांगतात आणि सर्व जण दीक्षा घेतात. वाचकाला कोणाची काळजी वाटत नाही, कारण लेखकालाही ती वाटलेली नसते. मोठ्या आचार्यांचे वेगळेपण असे की, त्यांनी अपराध्याच्या मनात शिरून पाहिले. मायादित्याचा मोह त्यांना समजला, रावणाची अडचण समजली. उपदेश सर्वांनाच करता येतो. ज्याला करायचा त्याला आधी समजून घेणे, हे अहिंसेचेच एक अंग आहे. अनेकांत म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे असेल, तर पात्रनिर्मिती ही अनेकांताची साधनाच म्हटली पाहिजे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवात माझी विनंती पाठशाळा चालवणाऱ्यांना आणि आईवडिलांना आहे. आपण मुलांना या कथांचे केवळ तात्पर्य देतो. ‘क्रोध करू नये’ एवढे सांगून अग्निशर्मा संपवतो. तीन पारणी, तीन अडचणी, राजाची तळमळ आणि तपस्व्याचे जळणे हे सारे गाळतो. तात्पर्य मुले परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. गोष्ट मात्र आयुष्यभर सोबत राहते. मग कथेची भूक भागवण्यासाठी मुले अन्यत्र गेली, तर त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना पूर्ण कथा द्या, तिच्यातील न सुटलेल्या प्रश्नांसकट द्या. राजाने मुद्दाम केले नव्हते, तरी त्याचा दोष होता का, असे मूल विचारील. विचारू द्या. श्रेणिक राजाच्या शंकेला गौतम गणधरांनी दटावून गप्प केले नाही, एका महाकाव्याने उत्तर दिले.

साधने आपल्याजवळ आहेत. सदलग्याचे सुपुत्र आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी ‘कुवलयमाला’ हस्तलिखितांवरून संपादित केली. सिंघी जैन ग्रंथमालेत तिचे दोन भाग १९५९ आणि १९७० साली प्रसिद्ध झाले. एवढे परिश्रम आपल्याच परिसरातील विद्वानाने केले. त्या ग्रंथातील पैठण आणि सोपारा मराठी मुलांपर्यंत ओघवत्या मराठीत पोहोचवणे, हे पुढच्या पन्नास वर्षांतील एक काम असू शकते. आणि ज्या तरुणांना लिहावेसे वाटते त्यांनी नव्या कथा लिहाव्यात : आजच्या पेढीवरच्या, आजच्या वसतिगृहातल्या, आजच्या न्यायालयात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन भावांच्या. त्यांत मंदिराचे वर्णन नसले तरी चालेल. नियम मात्र आपला असावा : कोणताही जीव कायमचा टाकाऊ नाही, आणि कोणताही भाव फुकट जात नाही.

वर्षातून एकदा आपण सर्व जीवांची क्षमा मागतो आणि सर्वांना क्षमा करतो. ज्यांच्याशी वैर नाही, त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे सोपे असते. ज्याच्याशी आहे, त्याच्या दारापर्यंत जाताना मात्र पावले अडखळतात, कारण रावणाचे ते ‘आधी’ आणि ‘मग’ आपल्याही मनात उभे असते. ती पावले पुढे पडावीत यासाठीच आचार्यांनी या कथा रचल्या. त्या वाचणे आणि पुढच्या पिढीला सांगणे आपल्या हाती आहे.